सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग तुम्हाला झालंय तरी काय?

हे वाक्य मी अण्णांना बोललोय, तेही आवाज चढवून, म्हणून आज लिहितोय.

सात-आठ महिने एकच रडगाणं, पोट साफ होत नाही, तोंडाला चव नाही, कंबर धरते, अंगात त्राणच नाही. सोनोग्राफी झाली, एंडोस्कोपी झाली, थायरॉईड, बी-१२ सगळं झालं, दर वेळी गॅसची गोळी तेवढी बदलून मिळायची आणि घरात आम्ही म्हणायला लागलो की अण्णांचं आपलं काहीतरी असतंच. वजन ६ किलो उतरलं होतं, तेही वयावर ढकललं.

पकडलं ते पोळ्या करणाऱ्या मावशींनी. "दादा, पेपरची रबरं आता कुणी काढत नाही का?" बघतो तर पंधरा-वीस दिवसांचे पेपर तसेच गुंडाळलेले. अहो हा माणूस शब्दकोडं सुटल्याशिवाय आंघोळीला उठायचा नाही!

मानसोपचारवाल्या डॉक्टरकडे जायचं म्हटल्यावर "मला काय वेड लागलंय?" झालंच. मॅडमनी पोटाची सगळी कहाणी शांतपणे ऐकली, मग विचारलं, काका, जाग किती वाजता येते? तीन, सव्वातीन. आणि जास्त जड कधी जातं? सकाळी, संध्याकाळी जरा बरं असतं. एवढ्या चकरांत हे कुणीच विचारलं नव्हतं, मी पण नाही. उदास वाटतं का म्हटलं तर "छे, मजेत!" उभा जन्म एसटीच्या वर्कशॉपात काढलेला माणूस, मन लागत नाही हे सांगणार कुणाला, पोटाचं सांगायला लाज नसते.

अण्णांना झालं होतं ते नैराश्य, डिप्रेशन, पहाटेची जाग आणि जड सकाळ ही त्याचीच खूण. आणि दुखणं खोटं नसतं हं. सेरोटोनिनसारखी जी रसायनं मूडमध्ये असतात तीच झोप, भूक, वेदना यांच्यातही असतात. गंमत म्हणजे म्हाताऱ्या माणसांचं नैराश्य ओळखायला जीडीएस म्हणून १५ प्रश्नांची चाचणी आहे, तिच्यात कुठे दुखतं हे विचारतच नाहीत, कारण या वयात काही ना काही दुखतंच. आवडीच्या गोष्टी सोडल्यात का, बाहेर पडण्यापेक्षा घरीच बरं वाटतं का, असलं विचारतात. म्हणजे मावशींचा रबराचाच प्रश्न की.

म्हणून तपासण्या टाळू नका बरं का, त्या आधी हव्यातच. अण्णांना नैराश्याची गोळी अगदी कमी डोसने सुरू केली, मधे सोडियम तपासायला लावलं कारण या वयात या गोळ्यांनी ते घसरू शकतं, आणि फरक दिसायला दीड महिना गेला. डॉक्टर जवळ नसेल तर टेलि मानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आता रबरं दाराच्या कडीला अडकवलेली असतात. कंबर अजून धरतेच. आणि अण्णा सगळ्यांना सांगतात, शेवटची ती गॅसची गोळी लागू पडली.