‘फौजी भावांनो, नोटीस घेऊच नका’ या मेसेजला उत्तर

परवा रात्री साडेनऊला लडाखहून धाकट्या भावाचा फोन आला, रेंज तुटत होती, आणि पहिलंच वाक्य, "आक्का, हाई खरं शे का?" मागोमाग मेसेज. वर तिरंगा, खाली ‘प्रत्येक फौजी भावापर्यंत पोचवा’. बायकोशी फाटलं की काय करायचं, तर म्हणे फौजीच्या पगाराला कोणी हात लावू शकत नाही, जमीन आणि एफडी लगेच भावाच्या नावावर करा, कोर्टाची नोटीस घेऊ नका, ड्युटीवर असेपर्यंत केस चालतच नाही, नॉमिनी बदला म्हणजे पेन्शनही तिला जात नाही, आणि घरी एक रुपया पाठवू नका, ती आपोआप नमते.

मी चाळीसगावला वकिलांकडे 12 वर्षं टायपिंग करतेय, असले सल्ले ऐकून पस्तावलेली माणसं रोज बाकावर बसलेली बघते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मधला भाऊ धाकट्याचं रान स्वतःच्या नावावर फुकट करून घ्यायच्या बक्षीसपत्राचं टिपण घेऊन माझ्याच टेबलापाशी आला. सातबारा, गट नंबर, सव्वादोन एकर कपाशीचं रान, आणि धाकट्याने गेल्या सुट्टीत करून दिलेलं कुलमुखत्यारपत्र (त्याच्या वतीने सह्या करायचा अधिकार), सगळं एका पिशवीत. मी टाइप करायला नाही म्हटलं.

पगाराचं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. आर्मी ॲक्ट 1950 च्या कलम 28 प्रमाणे दिवाणी किंवा महसूल कोर्ट फौजीचा पगार जप्त करू शकत नाही. मेसेज लिहिणारा तिथेच थांबला, त्याच कायद्याचं कलम 91 त्याने वाचलंच नाही. बायको-मुलांच्या पोटगीसाठी जवानाच्या पगारातून फौज स्वतःच कपात करू शकते. बायको युनिटला अर्ज करते, जवानाला नोटीस देऊन त्याचं म्हणणं विचारलं जातं, आणि मग बायकोसाठी 22 टक्के, प्रत्येक मुलामागे साडेपाच, सगळं मिळून 33 टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. म्हणजे ‘कोणी हात लावू शकत नाही’ हे धादांत खोटं.

आता नोटीस. हे वाचून तर माझं डोकंच फिरलं. अरे, फौजीचं समन्स दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे कमांडिंग ऑफिसरकडे जातं, सीओ साहेबांच्या टेबलावर आलेला कागद तुम्ही ‘घेत नाही’ म्हणजे काय करणार? आणि घरच्या पत्त्यावर आलेलं रजिस्टर पत्र नाकारलं तर कोर्ट ते पोचलं असंच धरू शकतं, मग एकतर्फी हुकूम होतो आणि तो तुम्हाला कळतो सुट्टीवर आल्यावर. बरं, लपायची गरजच काय? फौजींसाठी 1925 पासून इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट आहे. जवान युद्धाच्या किंवा कायद्यात सांगितलेल्या खास परिस्थितीत ड्युटीवर आहे आणि न्यायासाठी केस पुढे ढकलणं गरजेचं आहे असं सर्टिफिकेट लष्करी अधिकाऱ्याने दिलं की कोर्टाला ती पुढे ढकलावी लागते. पण ते आपोआप होत नाही, सर्टिफिकेट मागावं लागतं, आणि नोटीस लपवणारा ते मागणार कुठून? सुट्टी मिळत नसेल तर सीओंसमोर सही करून घरच्या माणसाला केस बघायचा अधिकार लेखी देता येतो. सुट्टी मिळाली तर आर्मी ॲक्टच्या कलम 32 प्रमाणे रजेचं सर्टिफिकेट लावा, कोर्टाने शक्यतो त्या सुट्टीतच सुनावणी उरकायची असते.

जमीन भावाला द्यायची म्हणताय, तर फुकट दिलेल्या जमिनीच्या उत्पन्नावर बायकोचा पोटगीचा हक्क असेल तर तो घेणाऱ्याकडूनही वसूल होऊ शकतो, आणि देणं बुडवायला केलेलं बक्षीसपत्र कोर्ट बाजूला सारू शकतं. रान मात्र भावाचं होऊन बसतं. मधला माझाच भाऊ आहे, त्याच्यावर मला संशय नाही, पण उद्या त्याच्या पोरांनी ते परत दिलं नाही तर धाकट्याने कुठे जायचं? शिवाय सुप्रीम कोर्टाने 4 नोव्हेंबर 2020 ला रजनेश विरुद्ध नेहा केसमध्ये सांगून ठेवलंय, पोटगीच्या केसमध्ये नवरा-बायको दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. खोटं लिहिलं तर कारवाई. भावजयीची कमाई असेल तर तीही त्यात येणार, म्हणजे हे जवानाच्याही फायद्याचं आहे.

पेन्शनचं एका वाक्यात सांगते, जवानाच्या मागे मिळणारी फॅमिली पेन्शन नॉमिनीच्या नावावर ठरत नाही, लग्न कायद्याने टिकून आहे तोवर बायकोचा हक्क नियमाने राहतो.

घरी पैसे बंद करा म्हणणाऱ्याला मी विचारते, सहा वर्षांच्या पोराची शाळेची फी कोण भरणार? हां, जॉइंट खात्याची काळजी बरोबर आहे, एटीएम घरी आणि खातं ‘कोणाही एकाच्या सहीने’ असलं तर ते एका दिवसात रिकामं होऊ शकतं. त्याचा इलाज म्हणजे पगार स्वतःच्या एकट्याच्या खात्यात घ्या, जुन्या खात्याचं बँकेला लेखी कळवा, आणि भावजयीच्या खात्यात दर महिन्याला ठरावीक रक्कम जाईल अशी बँकेला कायमची सूचना द्या. मी दर महिन्याला पैसे दिले, हे कोर्टात दाखवायला पासबुकातल्या त्या ओळी कामाला येतात, हातात दिलेल्या रोखीचा पुरावा कुठून आणणार?

धाकट्याने कुलमुखत्यारपत्र रद्द करायचं कळवलंय, त्याचा कागद मी टाइप करून ठेवलाय, सही सुट्टीवर आल्यावर. एक तारखेला भावजयीच्या खात्यात पहिली रक्कम गेली. तिने फोनवर एवढंच विचारलं, "ते बरे आहेत ना तिकडे?"