धुरंधर हे राजा रविवर्म्यांचे कारखान्यातले शिष्य नव्हते

जुन्या मुंबईतल्या बायाबापड्यांची, रस्त्यावरच्या माणसांची काही रंगीत पोस्टकार्डे सध्या मोबाइलवर फिरत आहेत. सोबत मजकूर असा: ‘ही रविवर्म्यांची चित्रे, त्यांच्या छापखान्यात शिकलेल्या धुरंधरांनी ती फक्त पूर्ण केली.’ हे चूक आहे.

चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर १८६७ साली कोल्हापुरात जन्मले आणि १८९० मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आले. तिथेच शिकले, तिथेच शिकवले, १९३१ मध्ये तिथूनच निवृत्त झाले. त्यांच्या आत्मचरित्राचे नावच ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ आहे! रविवर्म्यांबद्दल त्यांना आदर होता, पण आदर म्हणजे शागिर्दी नव्हे.

रविवर्मा १९०६ मध्ये वारले. मुंबईच्या गल्लीबोळांवरचे एडवर्ड्स यांचे पुस्तक धुरंधरांच्या चित्रांसह १९१२ मध्ये निघाले; ती चित्रे रविवर्मा कशी काढणार? पोस्टकार्ड, पुस्तक, जाहिरात असे मागणीबरहुकूम काम धुरंधरांनी भरपूर केले, आणि पदराची एकेक चुणी मन लावून काढली. मला तर त्यांच्या मोठ्या तैलचित्रांइतकीच ही छोटी कामे मोलाची वाटतात. म्हणूनच ती दुसऱ्याच्या नावावर गेलेली बघवत नाहीत. पुढे पाठवण्याआधी कोपऱ्यातली सही तेवढी वाचा.