भेदभाव न करताही मुलींच्या वाट्याला कमी का येतं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मुलाच्या हव्यासापायी मुलींच्या शिक्षणाची आबाळ होते, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: ‘तीन बहिणींच्या पाठीवर मी. आईवडिलांनी कुणात डावं-उजवं केलं नाही, सगळे एकाच शाळेत गेलो. बहिणींचं शिक्षण थांबलं ते पैशांअभावी. तुम्ही गरिबीला भेदभाव म्हणताय.’

तुमच्या आईवडिलांनी डावं-उजवं केलं नसणार, हे मी मनापासून मान्य करते. पण तसं न करताही मुलींच्या पदरात कमी पडतं. कागद-पेन्सिल घ्या.

आठ घरं धरा. मुलगा झाला की थांबायचं, नाहीतर तिसऱ्या खेपेपर्यंत वाट पाहायची, असं सगळ्यांनी ठरवलंय. चार घरांत पहिलाच मुलगा, ती थांबली. उरलेल्या चारांपैकी दोघांकडे दुसऱ्या खेपेला मुलगा, एकाकडे तिसऱ्या खेपेला, आणि एका घरी तिन्ही मुली. मोजून पाहा: सात मुलगे, सात मुली. ना गर्भपात, ना कुणाची उपासमार. तरी सातांपैकी चार मुलगे एकुलते आहेत आणि एकुलती मुलगी एकही नाही. मुलगा वाढतो त्या घरात सरासरी १.६ मुलं, मुलगी वाढते त्या घरात २.७. फी, वह्या, आईचा वेळ अगदी सारखा वाटला तरी मुलीच्या वाट्याला कमीच येतो, कारण वाटेकरी जास्त.

गरिबी खरीच. पण मिळकत तेवढीच असताना घरातली तोंडं चार झाली, ती कशाची वाट पाहताना?

त्यात थोरलीचे हाल वेगळे. एका हाताने पाळण्याची दोरी ओढायची, दुसऱ्या हाताने वहीची पानं उलटायची. परीक्षेच्या आदल्या दिवशी बाळाला ताप आला तर घरी कोण थांबणार, याची घरात चर्चासुद्धा होत नाही.

मुला-मुलीचं सारखंच कौतुक असतं, तर शेंडेफळ जितक्या वेळा मुलगा जवळजवळ तितक्याच वेळा मुलगी असती. भारताच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालाने नेमकं शेवटचं अपत्यच तपासलं. तिथे पारडं मुलग्यांकडे झुकलेलं दिसलं, आणि त्यावरून पंचविशीपर्यंतच्या सुमारे २.१ कोटी मुली ‘नकोशा’ असल्याचा अंदाज मांडला गेला. सीमा जयचंद्रन आणि इल्याना कुझिएम्को या अर्थतज्ज्ञांच्या २०११ च्या अभ्यासात तर असं दिसलं की भारतात मुलीचं अंगावरचं दूध मुलापेक्षा लवकर तुटतं. पुन्हा दिवस राहावेत, ही घाई त्यामागचं एक मोठं कारण. त्या आईला लेक नावडती असते असं नाही हो. तिच्यावर पुढच्या खेपेचं ओझं असतं.

एक विनंती आहे. तुमच्या थोरल्या ताईंना विचारा, तुम्ही जन्मलात त्या वर्षी त्या कितवीत होत्या, आणि शाळेतून आल्यावर दप्तर ठेवून आधी काय हातात घ्यायच्या.