ललिता पवार : ‘त्या थपडेनेच करिअर झालं’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार. अभिनेत्री ललिता पवारांवरच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तरच देतो. आपले आक्षेप थोडक्यात असे : बाईंचं करिअर मुळात चित्रीकरणात बसलेल्या थपडेच्या अपघाताने घडलं, डोळा अधू झाला नसता तर त्या चारचौघींसारख्या नायिका होऊन विस्मरणात गेल्या असत्या. पुढची चाळीसेक वर्षं त्यांनी एकच खाष्ट सासू वठवली. त्या सासूने समाजाचं नुकसान केलं. आणि शेवटी, ‘एकाकी मरण आलं, हे त्याचंच फळ’. पहिल्या तीन मुद्द्यांवर वाद घालायला मला आवडेल. चौथ्याकडे नंतर येतो.

आधी अपघात. १९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात सहकलाकार मास्टर भगवान यांच्याकडून थप्पड जोरात बसली, चेहऱ्याच्या डाव्या बाजूला लकवा मारला, उपचार लांबले आणि डाव्या डोळ्यात कायमचा दोष राहिला. हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणूनच माझ्या लेखात त्याला दोन वाक्यं होती. ते आपल्याला खटकलं. पण बाईंबद्दल जे काही लिहिलं जातं त्यात निम्मी जागा ही थप्पडच खाते, आणि त्याआधीची चौदा वर्षं कुठे गेली हे कुणी विचारत नाही.

येवल्यात १९१६ साली जन्मलेली अंबा सगुण, म्हणजे पुढची ललिता पवार, मूकपटांत आली तेव्हा लहान मुलगी होती. १९२८च्या सुमाराची गोष्ट. बोलपट यायचे होते. जे सांगायचं ते मान, खांदे, हात, चाल यांतून सांगायचं, या शाळेत ती शिकली. १९३२मध्ये ‘कैलास’ या मूकपटात तिने काम केलं आणि त्याच्या निर्मितीतही ती भागीदार होती. वय सोळा! पुढे स्टंटपट केले, ‘दुनिया क्या है’ची निर्मिती केली, १९३९मध्ये भालजी पेंढारकरांच्या ‘नेताजी पालकर’मध्ये काम केलं, १९४१मध्ये मास्टर विनायकांच्या ‘अमृत’मध्ये. ‘अमृत’ची कथा वि. स. खांडेकरांची, आणि त्यातली बाईंची भूमिका गोड गोजिऱ्या नायिकेची नव्हे. अशा बाईला ‘चारचौघींसारखी नायिका’ कसं म्हणायचं? पंचविशीच्या आत अभिनय आणि निर्मिती दोन्ही करणाऱ्या बायका त्या काळात होत्याच किती?

आता थपडेनंतरचं. १९४४मध्ये प्रभातचा ‘रामशास्त्री’ आला. गजानन जागीरदार रामशास्त्री, आणि आनंदीबाई ललिता पवार. मराठी माणसाला आनंदीबाई म्हटलं की ‘ध चा मा’ आठवतो आणि त्यापलीकडे काही दिसत नाही. भूमिका करायला घेणाऱ्या नटीपुढे हीच अडचण असते, कारण प्रेक्षकाने निकाल आधीच देऊन ठेवलेला असतो. बाईंनी तिथे डोळा वटारून काम भागवलं नाही. त्यांची आनंदीबाई विचार करताना दिसते. समोरचा माणूस बोलत असताना ती त्याला जोखत असते, आणि बोलायची वेळ आली की आवाज चढवत नाही, उलट उतरवते. डोळ्यातला दोष ही कमाई असती तर त्या काळात सोप्यात सोपा मार्ग तोच होता : चेहरा कॅमेऱ्यासमोर धरायचा आणि लोकांना घाबरवायचं. तो मार्ग त्यांनी घेतला नाही, हा माझा पहिला मुद्दा.

‘एकच भूमिका’ हा आक्षेप तर एका वर्षात निकालात निघतो. १९५५ घ्या. राज कपूरच्या ‘श्री ४२०’मध्ये त्या मुंबईच्या रस्त्यावर केळी विकणारी गंगामाई आहेत. आठवा तो भाव करण्याचा प्रसंग : ती सांगते दोन आण्याला तीन केळी, आणि राज तिला तीन आण्याला दोन दे म्हणतो. ती चक्रावते, रागावते, आणि या पोराचं वेडेपण ध्यानात आल्यावर तिचा राग विरघळतो. तीन भावना, काही क्षणांत, आणि कुठेही सांधा दिसत नाही. त्याच वर्षी गुरुदत्तच्या ‘मिस्टर अँड मिसेस ५५’मध्ये त्या सीतादेवी आहेत : शिकलेली, शहरी, घटस्फोटाच्या कायद्यासाठी भाषणं ठोकणारी, भाचीला पुरुषजातीपासून दूर ठेवणारी आत्या. (त्या सिनेमाने स्त्रीहक्कांची जी थट्टा केली ती मला पटत नाही, पण तो दोष पटकथेचा.) फूटपाथवरची गंगामाई आणि बंगल्यातली सीतादेवी यांच्या पाठीचा कणासुद्धा वेगळा आहे. एक थोडी पुढे झुकून बसते, ओझं वाहिलेल्या बाईसारखी. दुसरी खुर्चीत असली तरी उभी असल्यासारखी वाटते.

मग १९५९चा ‘अनाडी’. हृषीकेश मुखर्जींच्या या सिनेमातल्या घरमालकीण मिसेस डिसाबद्दल आपण ‘भावनिक, पण साधी भूमिका’ असं लिहिलंय. साधी कशी? भाडं थकलं म्हणून ती भाडेकरू राजवर (राज कपूर) तोंडसुख घेते आणि त्याच दमात त्याच्या जेवणाची काळजी करते. यात लेखकाने दोन विरुद्ध गोष्टी लिहून ठेवल्या आहेत, पण त्या एकाच बाईच्या वाटल्या पाहिजेत हे काम नटीचं. म्हणून ती भेसळीच्या औषधाने मरते तेव्हा पोटात कालवतं, आणि पुढचा खटला नुसता कथानकाचा भाग राहत नाही. या भूमिकेला फिल्मफेअर मिळालं, आणि १९६१मध्ये संगीत नाटक अकादमीचा सन्मान. परीक्षकांनी डोळ्याला बक्षीस दिलं असं आपल्याला खरोखर वाटतं का?

पण माझ्या मते त्यांचं सगळ्यात अवघड काम १९६२च्या ‘प्रोफेसर’मधलं आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. शम्मी कपूर म्हातारा प्रोफेसर बनून शिकवणीसाठी येतो. घरची कर्ती आत्या कडक, अविवाहित, सगळ्यांना धाकात ठेवणारी. ती त्या खोट्या म्हाताऱ्याच्या प्रेमात पडते. लेखनात हा प्रसंग निव्वळ हसवण्यासाठी आहे : उतारवयातली बाई नटते, लाजते, आरशात बघते. थिएटरात लोक हसतातही. मात्र बाई ती लाज खरी मानून खेळल्या आहेत. इतकी वर्षं कुणी आपल्याकडे या नजरेने पाहिलं नव्हतं, हे कळण्याचा संकोच त्यांच्या हालचालींत आहे. पदर सारखा करताना हात जरा जास्त वेळ थांबतो. बोलणं सुरू करून त्या मध्येच सोडतात. करडेपणा एकदम जात नाही, तो मधूनमधून परत येतो, सवयीने. आपण हसत असतो आणि हसण्याची थोडी लाज वाटू लागते. सत्य उघड होतं तेव्हा तर हसू पार जातं. ज्या बाईला ‘एकसुरी खलनायिका’ म्हटलं जातं, तिने विनोदी सिनेमाच्या पोटात हे करून ठेवलंय!

तिसरा आक्षेप मी गांभीर्याने घेतो. घराघरांत सुनेने कुरकुरत ‘आमच्याकडे ललिता पवार आहे’ म्हणायचं, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. तरी व्ही. शांतारामांच्या ‘दहेज’कडे (१९५०) पाहा. तो सिनेमा हुंड्याविरुद्ध आहे, शेवटी सून मरते, आणि बाप सगळं आणतो तेव्हा फक्त कफन राहिलं म्हणते. तिथली सासू सौम्य केली असती तर सिनेमाचा आरोपच बोथट झाला असता. तिचा राग यायलाच हवा होता. मात्र पुढे बऱ्याच सिनेमांत या सासूला ना कारण दिलं ना भूतकाळ. सून सोशिक, सासू कजाग, नवरा बिचारा गप्प, आणि सगळा दोष दोन बायकांच्या भांडणात जिरवून टाकायचा. त्या साच्याबद्दलची आपली चीड योग्यच आहे. पण साचा लिहिणारे, बनवणारे आणि त्यावर पैसे कमावणारे पुरुष होते. जाब त्यांना न विचारता पडद्यावर दिसणाऱ्या बाईला विचारायचा, हे मला मान्य नाही.

राहिलं चौथं. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात औंधच्या घरी त्या गेल्या तेव्हा त्या एकट्या होत्या. पती रुग्णालयात होते. एका आजारी, म्हाताऱ्या बाईच्या मृत्यूला ‘फळ’ म्हणणं, तेही तिने पडद्यावर दुष्ट बायका रंगवल्या म्हणून, हे मला क्रूर वाटतं. रामानंद सागरांच्या ‘रामायण’मध्ये सत्तरीच्या घरात त्यांनी मंथरा केली. कैकेयीच्या मनात विष कालवणारी ती मंथरा इतकी खरी वाटली, याचं श्रेय द्यायचं की शिक्षा? हे वाक्य आपण मागे घ्यावं अशी माझी मनापासून विनंती आहे. बाकी प्रतिक्रिया तशीच राहू द्या, मी त्यातला शब्दही काढणार नाही.

‘रामशास्त्री’ आणि ‘प्रोफेसर’ लागोपाठ पाहा. नंतरही आपलं मत तेच राहिलं तर कुठल्या प्रसंगामुळे, ते सांगून लिहा. त्या प्रसंगावर बोलू.