‘भार मर्यादेत ठेवला की धातू तुटत नाही’ हे अर्धवट सत्य आहे

अलोहा एअरलाइन्सच्या छत उडालेल्या विमानाचा फोटो अधूनमधून फिरत असतो. सोबतच्या मजकुराचा सारांश असा: 89,680 उड्डाणं झाली म्हणून धातू थकून (म्हणजे पुन्हापुन्हा भार येऊन) तुटला; खाऱ्या हवेचं कारण उगाच जोडलंय, अ‍ॅल्युमिनियम कुठे गंजतं; भार मर्यादेत असेल तर तडा वाढत नाही; आणि चाचण्या तर झालेल्याच असतात. यातला उड्डाणांचा आकडा तेवढा बरोबर आहे.

पण त्या आकड्याने सगळा उलगडा होत नाही. 28 एप्रिल 1988 रोजी हे बोइंग 737 हवाई बेटांवरच्या हिलोहून होनोलुलूला चाललं होतं. उड्डाणात विमानाच्या पत्र्यावर भार येतो तो केबिनमधल्या हवेच्या दाबाने. बेटांमधल्या फेऱ्या इतक्या छोट्या, की प्रत्येक उड्डाणात हा दाब पूर्ण चढेच असं नाही. म्हणजे पूर्ण दाबाच्या फेऱ्या 89,680 पेक्षा बऱ्याच कमी. अपघाताच्या तपास अहवालातच हे नोंदलेलं आहे. खरं दुखणं जोडात होतं. जेमतेम 0.9 मिलिमीटर जाडीचे दोन पत्रे एकमेकांवर चढवून इपॉक्सीने चिकटवलेले, वर रिव्हेट मारलेले. ओल आणि गंजाने चिकटलेला भाग सुटला आणि सगळा भार रिव्हेटांवर आला. रिव्हेटचं डोकं पत्र्यात बसावं म्हणून भोकाची कड तिरकी तासलेली असते. इतक्या पातळ पत्र्यात तिला सुरीसारखी धार राहते. तिथून शेजारशेजारच्या भोकांना तडे गेले, ते एकमेकांना मिळाले आणि सुमारे साडेपाच मीटर लांबीचं छत उडालं. एका हवाई परिचारिकेचा जीव गेला. तपास मंडळाने ठपका देखभालीवर ठेवला आणि तो योग्यच होता. पण देखभालीत जे सापडायला हवं होतं, ते हेच.

आता ‘अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही’ याबद्दल. त्याच्यावर ऑक्साइडचा संरक्षक पापुद्रा असतो, हे खरं. मात्र तड्याच्या टोकाशी तो भाराच्या दर फेरीला फाटतो आणि ताजा धातू उघडा पडतो. हवेतली वाफ त्याच्याशी संयोग पावते, हायड्रोजन सुटतो आणि टोकापुढच्या धातूत शिरून त्याला ठिसूळ करतो. डोळ्यांना गंजाचा ठिपकाही दिसत नाही. तरी तोच मिश्रधातू, तोच भार असताना तडा निर्वातापेक्षा दमट हवेत कितीतरी पट वेगाने वाढू शकतो.

राहिली ‘भार मर्यादेत’ असण्याची गोष्ट. जिच्याखाली भार कितीही वेळा आला तरी धातू तुटत नाही, अशी सुरक्षित मर्यादा पोलादाला कोरड्या हवेत असते. समुद्राच्या पाण्यात उघड्या पोलादाला ती उरत नाही.

चाचण्यांचं म्हणाल, तर रसायनाला वेळ लागतो. चाचणीचं यंत्र सेकंदाला 10-20 वेळा भार देतं आणि काढतं, समुद्राची एक लाट पाच-दहा सेकंद घेते. घाईने उरकलेल्या चाचणीत खाऱ्या पाण्याचा परिणाम कमी दिसतो. म्हणून कोणी आकडा दाखवला, तर तो कुठल्या माध्यमात आणि किती वेगाने मोजला, हे विचारायलाच हवं.

दमट हवा दर वेळी तडा वाढवतेच, असंही मात्र नाही. अगदी कमी भाराखाली पोलादाच्या तड्यात ऑक्साइड साचतो, तडा पुरता मिटत नाही, त्यामुळे त्याची उघडझाप कमी होते आणि वाढ मंदावते. उलट, गंज थांबवायला समुद्रातल्या पोलादाला दिलेलं विद्युत संरक्षण वाजवीपेक्षा जास्त झालं, तर त्यातूनच हायड्रोजन तयार होतो आणि तडा जोर धरतो.