३२०० फुटांपर्यंत परवानगी नाही? तो मेसेज अर्धवट आहे

सध्या गावागावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला, की नवीन कायद्यानं खेड्यात ३२०० फुटांपर्यंत घर बांधायला कोणाचीच परवानगी लागत नाही, ग्रामसेवकाला विचारायचा अधिकार नाही, इंजिनिअरचा खर्च वाचला, शेतातही बिनधास्त बांधा. मी तालुक्याला घरांचे नकाशे काढून देतो, अन् लोकं या मेसेजच्या भरोशावर पाया खोदून बसतात म्हणून लिहितोय.

पहिले तर ३२०० हे घराचं माप नाही, प्लॉटचं आहे, म्हणजे साधारण ३०० चौरस मीटर. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची यूडीसीपीआर म्हणजे बांधकामाची एकत्रित नियमावली आली, तिच्यावरून ग्रामविकास खात्यानं २०२१ मध्ये खेड्यांसाठी सूट दिली. १६०० फुटांपर्यंतच्या प्लॉटला परवानगी नको हे खरं आहे, पण मालकीचा कागद, नकाशा, परवानाधारक इंजिनिअरचा दाखला आणि विकास शुल्क अन् कामगार उपकर भरल्याची पावती ग्रामपंचायतीत द्यावीच लागते. १६०० ते ३२०० ला ग्रामपंचायतीची परवानगी लागतेच, फक्त नगररचना कार्यालयाच्या चकरा वाचल्या. त्याच्यावर गेलं की नगररचनाकार आहेच.

"ग्रामसेवकाचा अधिकार गेला" हे तर एकदम उलटं आहे. त्याच्यावर काम वाढलं. १६०० ते ३२०० च्या प्लॉटला किती शुल्क भरायचं ते ग्रामपंचायतीनं १० दिवसांत कळवायचं, आणि पैसे भरल्यावर १० दिवसांत परवानगी द्यायची. आता ग्रामसेवक काही सिव्हिल इंजिनिअर नसतो, कित्येकाकडे दोन-दोन गावं, त्यात नमुना ८ म्हणजे घरांच्या कराची नोंदवही, करवसुली, घरकुलाच्या याद्या, ग्रामसभा, आणि त्यातून त्यानं बीम-कॉलम तपासावा असं कायदाही म्हणत नाही, तो कागद पुरे आहेत का तेवढंच पाहतो. पण उद्या शेजाऱ्यानं हद्दीची तक्रार केली की पहिली नोटीस त्याच्याच सहीनं निघते आणि शिव्याही तोच खातो. काहून? त्याला अधिकारच नाही म्हणून मेसेजनं सांगितलं होतं ना. नियम सैल झाले पण ते सांभाळायला पंचायतीत एक तांत्रिक माणूस वाढवला नाही, बोलायचंच तर यावर बोला.

इंजिनिअरचे पैसे वाचले म्हणे. आधी नकाशा वरच्या कार्यालयात कोणीतरी तपासायचं, आता ती तपासणी गेली, म्हणजे तुमच्या घराची जबाबदारी त्या एका दाखल्यावर आली. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, अन् उथळ पायावरची भिंत दोन-तीन पावसाळ्यांत तिरपी चिरते. अशा जमिनीत खाली मुरूम किती खोल लागतो, प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याचा बीम, कसा द्यायचा हे पाहणारा माणूस टाळून काय वाचवणार? काही जण साइटवर न जाता सही करून देतात, तेही चूकच, आमच्याच धंद्यातले लोकं आहेत ते, पण म्हणून दाखलाच नको असं होत नाही.

शेताचं थोडक्यात. ही सूट शेतातल्या घराला आपोआप लागू होत नाही, शेतजमीन अकृषिक करायचा विषय महसूल खात्याचा आहे. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला महसूल कायद्यात सोय आली होती, तीही पैसे भरून, म्हणून आता काय नियम आहे ते आधी तलाठ्याकडं विचारा.

आणि ग्रामपंचायतीत कागद दिले की पोच घ्या, तारीख-शिक्क्यासह, ते १० दिवस दाखवायला तुमच्याकडं दुसरं काही राहत नाही.