‘मधले पन्नास’ कुणाच्या खिशात? : एका प्रतिक्रियेला उत्तर

रिफायनरीच्या नफ्यावरच्या लेखाखाली तासगावच्या एका वाचकांनी लिहिलंय: ‘सत्तर डॉलरचं बॅरल, त्यात १५९ लिटर, डॉलर ८६ रुपये. म्हणजे क्रूड (कच्चं तेल) लिटरला ३८ रुपये. सांगलीत डिझेल नव्वदच्या आसपास. मधले पन्नास रिफायनरीच्या खिशात, आणि तुम्ही कंपन्यांची वकिली करता. क्रूड उतरलं तरी पंपावर भाव का उतरत नाही? रशियाच्या स्वस्त तेलाचंही लिहा.’

वकिली म्हणे! मतभेद असू द्या, पण लेख पुरता न वाचता माणसाला कुणाच्या तरी दावणीला बांधून मोकळं व्हायचं, ही कुठली रीत? माझी उभी नोकरी क्रूड युनिटच्या कंट्रोल रूममध्ये आणि पुढे प्लॅनिंगमध्ये गेली. मोबाईलवर एक भागाकार करून त्यावर निकाल देणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

करांचा भाग मी दोन ओळींत उरकला, एवढं मान्य. एप्रिल २०२५ च्या वाढीनंतर डिझेलवर केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरला १७ रुपये ८० पैसे झालं. त्यावर राज्याचा २१ टक्के व्हॅट, तोही शुल्क धरून. तुमच्या पन्नासातले तीसच्या वर इथेच गेले.

उरलेल्याचं बघू. ऊस साडेतीन रुपये किलो, साखर चाळीस, म्हणून कारखाना किलोमागे साडेछत्तीस कमावतो, असं तासगावात कुणी म्हणेल का? आधी उतारा विचारेल, म्हणजे किती उसातून किती साखर निघते ते. क्रूडलाही उतारा असतो, आणि तो तुमच्या हिशोबात कुठेच नाही.

जड क्रूड भट्टीत साधारण ३६० अंशांपर्यंत तापवून टॉवरमध्ये सोडलं, की निम्म्याच्या आसपास माल तळाशी राहतो. तो फर्नेस ऑइल, म्हणजे भट्ट्या-बॉयलरचं जड इंधन, म्हणून विकला तर बहुतेक वेळा क्रूडचाही भाव येत नाही. आणखी तापवावं तर तेल फुटतं, भट्टीच्या नळ्यांत कोक धरतो. म्हणून तळाचा माल व्हॅक्यूम टॉवरला न्यायचा, तिथे कमी दाबामुळे तो कमी तापमानाला उकळतो; आणि त्याचाही तळ कोकरला, जिथे तेल मुद्दाम फोडतात, ५०० अंशांच्या आसपास. तिथे डिझेल निघतं खरं, पण पाव ते एक तृतीयांश मालाचा पेटकोक, म्हणजे कोळशासारखा घट्ट कार्बन, होतो. तो सिमेंटवाले घेतात, कोळशाच्या भावाशी तोलून. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक आलं, म्हणजे डिझेलमधलं गंधक १० पीपीएमच्या (दहा लाखांत दहा भागांच्या) आत. ते गंधक काढायला हायड्रोजन हवा. तो गॅस किंवा नॅफ्थापासून करायचा. शिवाय क्रूडमधला सहा ते दहा टक्के भाग रिफायनरी स्वतःच जाळते आणि गमावते.

सगळा माल विकून आलेल्या पैशातून क्रूडची किंमत वजा केली, की उरतो जीआरएम, म्हणजे रिफायनरीचं ढोबळ मार्जिन. इंडियन ऑइलचा २०२४-२५ चा जीआरएम बॅरलला ४.८० डॉलर. तुमच्याच भागाकाराने लिटरला २ रुपये ६० पैसे. पगार, कॅटलिस्ट (उत्प्रेरक), दुरुस्ती, व्याज यातूनच. २०२२-२३ मध्ये तो १९.५२ डॉलर होता, तेव्हा रिफायनऱ्यांनी धो धो कमावलं. लपवत नाही.

राहिला पंपाचा भाव. तो रिफायनरीत ठरत नाही. एप्रिल-जून २०२२ मध्ये याच कंपनीचा जीआरएम ३१.८१ डॉलर होता, तरी तिमाहीअखेर तोटा १,९९२ कोटींचा. पंपावरचे भाव वाढवले नव्हते, त्यामुळे रिफायनरीने कमावलेलं मार्केटिंगने, म्हणजे कंपनीच्याच पंपविक्रीच्या धंद्याने, घालवलं. क्रूड उतरून पंपाचा भाव जागचा हलला नाही, की उलटं होतं: मार्केटिंग मार्जिन फुगतं. त्यावर रागवायचं तर खुशाल रागवा, पण पत्ता बरोबर टाका.

रशियाच्या तेलावर सवलत मिळाली, फायदाही झाला. एका ओळीच्या प्रश्नाला एवढंच पुरे. पुढचा हिशोब जीआरएम आणि मार्केटिंग मार्जिन वेगळं धरून पाठवा, त्यावर जरूर बोलू.